झाकून ठेवलेली पोर्शे दहा वर्षांत दुप्पट होईल का?

वाचकाचं पत्र:

नमस्कार ताई, मी मूळचा सांगलीचा. बरीच वर्षं न्यू जर्सीत नोकरी करतो. वय ४१. कंपनीचे शेअर्स विकले तर दोन लाख वीस हजार डॉलर हातात येतील. घराचं कर्ज चालू आहे, मुलीच्या कॉलेजसाठी पैसे बाजूला ठेवायला सुरुवात केली आहे. पोर्शेचं वेड शाळेपासूनचं. एका डीलरकडे २०१८ची ९११ जीटी३ टूरिंग आली आहे. सहा गिअरची मॅन्युअल, सहा हजार मैल चाललेली, किंमत बरोबर दोन लाख वीस हजार. मित्र म्हणतो, अशा गाड्या आता पुन्हा होणार नाहीत, कव्हर घालून गॅरेजमध्ये ठेव, दहा वर्षांत दुप्पट होतील. दुसरा डीलर कोऱ्या टूरिंगसाठी नंबर द्यायला तयार आहे, पण कंपनीच्या किमतीवर ऐंशी हजार जास्त मागतो. आठ वर्षांनी आम्ही पुण्याला परतणार आहोत. तेव्हा गाडी तिकडे नेऊन विकली तर तिप्पट मिळतील, असंही एकाने सांगितलं. बाबा म्हणतात, त्यापेक्षा मिरजेजवळ जमीन घे. बायको विचारते, जी चालवायची नाही ती गाडी घ्यायची कशाला? पहिल्या डीलरने शुक्रवारपर्यंतची मुदत दिली आहे. काय करू?

उत्तर:

नमस्कार. तुमच्या पत्रात सगळ्यात नेमका प्रश्न तुमच्या पत्नीने विचारला आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. चालवण्यासाठी घेणार असाल, आणि शेअर्स विकल्यावरचा कर भरूनही घर आणि मुलीचं कॉलेज सुरक्षित राहणार असेल, तर जीटी३ टूरिंग ही फार सुंदर निवड आहे. झाकून ठेवून पैसा वाढवण्यासाठी घेणार असाल, तर घेऊ नका. हे इतकं स्पष्ट का म्हणते, ते सविस्तर सांगते, कारण तुमच्या मित्राचं म्हणणं निम्मं खरं आहे आणि त्या निम्म्या खऱ्यापायी पुष्कळ माणसं फसलेली आहेत.

मार्च २०१६मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये पोर्शेने ९११ आर दाखवली. तेव्हाच्या जीटी३मध्ये मॅन्युअल गिअरबॉक्स मिळतच नव्हता, फक्त पीडीके हा ऑटोमॅटिक. ज्यांना स्वतःच्या हाताने गिअर टाकायचे होते ते नाराज होते. आणि ९११ आरमध्ये नेमकं तेच होतं: जीटी३ आरएसचं चार लिटरचं ५०० हॉर्सपॉवरचं इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल, मागचा मोठा पंख काढलेला, वजन कमी केलेलं. एकूण ९९१ गाड्या बनणार होत्या. त्यातल्या बऱ्याच आधी ९१८ स्पायडर घेतलेल्या ग्राहकांना देण्यात आल्या. अमेरिकेतली यादीतली किंमत होती १ लाख ८४ हजार ९०० डॉलर. काही महिन्यांत जाहिरातींमध्ये याच गाडीसाठी दहा लाखांच्या आसपासचे आकडे दिसू लागले. 'अशी गाडी पुन्हा होणार नाही' हे वाक्य तेव्हाही प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी होतं.

मग २०१७ उजाडलं. मार्चमध्ये पोर्शेने नवी जीटी३ आणली आणि तिच्यात मॅन्युअल गिअरबॉक्सचा पर्याय दिला. सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टला त्याच गाडीची पंख नसलेली, फक्त मॅन्युअल मिळणारी आवृत्ती दाखवली. किंमत १ लाख ४३ हजार ६०० डॉलर, आणि ९९१ वगैरे मर्यादा काही नाही. ९११ आरचा भाव घसरत तीन-चार लाखांवर आला. ज्याने यादीतल्या किमतीला घेतली होती तो तरीही फायद्यातच राहिला. ज्याने पाच-सहा लाख मोजून ती गुंतवणूक म्हणून गॅरेजमध्ये ठेवली, त्याचं पुढच्या काही वर्षांत काय झालं असेल याचा अंदाज करा. त्याच काळात, २०१६ अखेर ते २०२४ अखेर, अमेरिकेच्या शेअर बाजाराचा एस अँड पी ५०० निर्देशांक २,२३९ वरून ५,८८२ वर गेला. लाभांश वेगळा.

आता लक्षात घ्या, ९११ आरचा भाव पाडणारी ती सप्टेंबर २०१७ची गाडी म्हणजेच तुम्ही आज बघताय ती जीटी३ टूरिंग. 'पुन्हा होणार नाही' हे वचन मोडूनच ती जन्माला आली. आणि तिच्यानंतर पोर्शे थांबलेली नाही. २०२१मध्ये पुढच्या पिढीची टूरिंग आली, तीही मॅन्युअल मिळणारी. २०२३मध्ये ९११च्या साठीनिमित्त ९११ एस/टी आली, १,९६३ गाड्या, पुन्हा मॅन्युअल, पुन्हा हलकी, ९,००० आरपीएमपर्यंत फिरणारं इंजिन. २०२४मध्ये जीटी३ सुधारली तेव्हा टूरिंग पहिल्या दिवसापासून सोबत होती. दुर्मिळतेची किल्ली कंपनीकडे असते. तिला नफा दिसला की ती आणखी एक बनवते, आणि त्यात गैर काही नाही, तो तिचा धंदाच आहे. पण तुमची गुंतवणूक मात्र जर्मनीतल्या एका बैठकीतल्या निर्णयावर टांगलेली राहते. त्या बैठकीत तुम्ही नसता.

हे फक्त पोर्शेचं नाही. फेरारीने १९८७मध्ये एफ४० आणली तेव्हा सुमारे ४०० गाड्यांची भाषा होती. प्रत्यक्षात तेराशेहून जास्त बनल्या. १९९०च्या सुमारास ब्रिटनमध्ये एका एफ४०ला दहा लाख पौंडांपर्यंत किंमत गेली होती. नंतर जपानचा फुगा फुटला, मंदी आली आणि तीच गाडी यादीतल्या किमतीच्या आसपास येऊन बसली. आज एफ४०चा भाव पंचवीस लाख डॉलरच्याही पुढे जातो, हे खरं. पण १९९०च्या शिखरावर घेणाऱ्याला नुसती मुद्दल परत दिसायला दोन दशकांहून जास्त थांबावं लागलं. जग्वार एक्सजे२२०ची कथा याहून कडू. १९८८मध्ये बर्मिंगहॅमला बारा सिलिंडरची, चारही चाकांना ताकद देणारी गाडी दाखवली आणि लोकांनी पन्नास-पन्नास हजार पौंड आगाऊ भरले. १९९२मध्ये हातात आली ती सहा सिलिंडरची, टर्बो लावलेली, फक्त मागच्या चाकांवर चालणारी गाडी, आणि तोवर बाजारही कोसळला होता. अनेकांनी ती घेण्याची जबाबदारी टाळण्यासाठी कोर्टाची पायरी चढली.

मग भाव कधीच चढत नाहीत का? चढतात, आणि त्याचीही कारणं आहेत. तुमच्या मित्राचं निम्मं खरं ते इथे.

संख्या लहान असणं पुरेसं नसतं. एखादी गाडी जे देते ते देणारं दुसरं कोणी उरलं नाही, की भाव टिकून वाढतो. लेक्ससची एलएफए बघा. २०१० ते २०१२ दरम्यान ५०० बनल्या, यामाहाच्या मदतीने घडवलेलं दहा सिलिंडरचं इंजिन, किंमत पावणेचार लाख डॉलर. लोक म्हणाले, एवढे पैसे द्यायचे तर लेक्सस कशाला, फेरारी घेऊ. उत्पादन थांबल्यावरही कित्येक वर्षं अमेरिकेतल्या शोरूममध्ये कोऱ्या एलएफए पडून होत्या. २०१६-१७लाही एखाददुसरी नवी म्हणून विकली जात होती. आज चांगली एलएफए मूळ किमतीच्या दुपटीच्या वर जाते, कारण टर्बोशिवाय तसं गाणारं दहा सिलिंडरचं इंजिन आता कोणी बनवत नाही आणि प्रदूषणाचे नियम बघता बनवण्याची शक्यताही नाही. फेरारीने मॅन्युअल गिअरबॉक्स सोडून दिला, त्यामुळे ५९९ जीटीबीच्या जेमतेम तीसेक मॅन्युअल गाड्यांना त्याच मॉडेलच्या ऑटोमॅटिकपेक्षा कित्येक पट जास्त मिळतात. बीएमडब्ल्यूची २०११ची वन एम कूपे तर ६,३०९ बनल्या होत्या, म्हणजे फार दुर्मिळ म्हणता येणार नाही. अमेरिकेत तिची किंमत सत्तेचाळीस हजार होती, आणि चांगली ठेवलेली वन एम आजही त्याहून महाग विकली जाते. छोटी, मॅन्युअल, आडदांड अशी गाडी बीएमडब्ल्यूने त्यानंतर तशी केली नाही, असं चाहत्यांना मनापासून वाटतं.

पण या चढत्या भावांच्या मध्ये किती वर्षं कोरडी गेली, ते तक्त्यांमध्ये नीट दिसत नाही. पोर्शे करेरा जीटी २००४ ते २००६मध्ये अमेरिकेत सुमारे ४ लाख ४० हजारांना विकली गेली, एकूण १,२७० बनल्या. २००८च्या मंदीनंतर ती तीन लाखांच्या आसपास मिळत होती. दहाएक वर्षं ज्यांनी ती धरून ठेवली, त्यांना शेजाऱ्यांनी नक्कीच वेड्यात काढलं असेल. २०२२च्या सुरुवातीला, सगळीकडे स्वस्त पैसा खेळत असताना, अगदी कमी चाललेल्या करेरा जीटीला लिलावात वीस लाखांच्या जवळ भाव आला. पुढच्याच वर्षी, २०२३मध्ये, सस्पेन्शनच्या सांध्यांमधल्या दोषामुळे पोर्शेने अमेरिकेतल्या मालकांना गाडी चालवू नका असं कळवलं. दुरुस्ती कंपनीने केली, पण विचार करा: ज्याने आदल्या वर्षी कर्ज काढून घेतली असेल त्याच्या पोटात काय कालवलं असेल. आणि २०२२च्या त्या शिखरानंतर आधुनिक स्पोर्ट्स गाड्यांचा बाजार एकूणच थंडावला. व्याजदर वाढले की असल्या हौसेच्या वस्तूंतून पैसा आधी बाहेर पडतो.

तुमच्या टूरिंगला या मापाने तपासलं तर मला काय दिसतं? चार लिटरचं टर्बो नसलेलं इंजिन, मॅन्युअल गिअर, साधा देखणा आकार. या तिन्ही गोष्टी पुढच्या वीस वर्षांत कमी होत जाणार, हे मला पटतं. म्हणून ती भंगाराच्या भावात जाईल अशी भीती मला अजिबात वाटत नाही. नव्या मर्सिडीजपेक्षा किंमत कितीतरी चांगली टिकवेल. पण संख्येवर मर्यादा नव्हती, आणि तिच्यानंतरच्या दोन आवृत्त्या बाजारात आहेत. किंमत टिकणं आणि दुप्पट होणं यात मोठं अंतर आहे.

ते अंतर किती, हे आकड्यांत मांडू. कागद-पेन्सिल घ्या. गाडी दोन लाख वीस हजारांची. न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के, म्हणजे १४,५७५. पहिल्याच दिवशी तुमचे २ लाख ३४ हजार ५७५ गेले. ठरलेल्या किमतीचा विमा, मीठ टाकलेल्या रस्त्यांच्या हिवाळ्यात दमट नसलेली जागा, वर्षाची सर्व्हिस, आणि काही वर्षांनी तारखेमुळेच बदलावे लागणारे टायर, हे सगळं मिळून वर्षाला सात हजार धरते. आटोपशीर धरले आहेत. आता हेच पैसे, सुरुवातीचे आणि दर वर्षीचे, चार टक्के व्याजाने ठेवले असते तर दहा वर्षांनी सुमारे ४ लाख ३१ हजार झाले असते. म्हणजे तुमची गाडी दहा वर्षांत जवळपास दुप्पट झाली, मित्राचं भाकीत अक्षरशः खरं ठरलं, तरी तुम्ही साध्या चार टक्क्यांच्या बरोबरीला येता. विकताना मध्यस्थाचं कमिशन यात धरलेलं नाही. लिलावघरातून विकली तर खरेदीदारावर दहा-बारा टक्क्यांचा प्रीमियम बसतो, आणि तोही शेवटी तुम्हाला मिळणाऱ्या किमतीतूनच वजा होतो, कारण समोरचा माणूस एकूण बजेट ठरवूनच हात वर करतो.

कराचं गणित आणखी बोचरं आहे. शेअर्स वर्षभरापेक्षा जास्त ठेवून विकले तर अमेरिकेच्या केंद्र सरकारचा भांडवली नफ्यावरचा कर जास्तीत जास्त २० टक्के असतो. संग्रहाची वस्तू म्हणून धरलेल्या गाडीवर तो २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. स्वतःच्या वापराची गाडी तोट्यात विकली तर तो तोटा कुठेही वजा करता येत नाही. नफा झाला तर सरकार भागीदार, तोटा झाला तर तुम्ही एकटे. शिवाय ती गाडी घेण्यासाठी आत्ता शेअर्स विकाल त्यावरचा कर वेगळा. हे तुमच्या सीपीएकडून, म्हणजे कराचा हिशेब बघणाऱ्या अकाउंटंटकडून, एकदा तुमच्या आकड्यांसकट तपासून घ्या. तुमच्यासारख्या गाड्यांच्या गटांत कोणीतरी मोंटाना राज्यात कंपनी काढून तिच्या नावावर गाडी नोंदवायचा सल्ला देईल, कारण तिथे विक्रीकर नाही. त्या वाटेला जाऊ नका. गाडी न्यू जर्सीत राहणार, न्यू जर्सीत चालणार. कर इथलाच लागतो, आणि राज्यं असल्या नोंदण्या शोधून दंड करतात. अपघात झाला तर विमा कंपनीही हेच बोट दाखवेल.

पुण्याला नेऊन विकण्याचा विचार मात्र आजच सोडून द्या. यात माझं मत वगैरे काही नाही, नियमच आहे. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे असावं लागतं आणि ती मुंबई बंदरातूनच यावी लागते. तुमची गाडी डाव्या स्टिअरिंगची, आणि तुम्ही परताल तेव्हा सोळा वर्षांची. पन्नास वर्षांपुढच्या विंटेज गाड्यांसाठी वेगळी वाट आहे, त्या वाटेने ती २०६८च्या आधी जाणार नाही. आणि भारतातले चढे भाव बघून हुरळू नका. महागड्या परदेशी गाडीवर कित्येक वर्षं ११० टक्क्यांच्या घरात आयात शुल्क होतं, त्यामुळे तिथली किंमत मुळात शुल्काने फुगलेली आहे. जुलै २०२५मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात ठराविक संख्येपुरतं गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणायचं ठरलं. शुल्क खाली आलं की आधी महाग आयात केलेल्या गाड्यांचे भावही खाली येणार. पुण्यात ज्यांनी अशा गाड्या 'ठेव' म्हणून घेतल्या आहेत त्यांनीही हे वाचावं.

कव्हर घालून ठेवण्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं ते सांगते. असं इंजिन उभं राहायला बनवलेलं नाही. महिनोन्‌महिने न चाललेल्या गाडीची सीलं सुकतात, पेट्रोल बिघडतं, बॅटरी मरते, टायर एका बाजूने चपटे होतात, ब्रेक पकडून बसतात. दहा वर्षांनी घेणारा जाणकार नुसता मैलांचा आकडा बघत नाही. तो विचारतो की दर वर्षी तेल बदलल्याच्या पावत्या कुठे आहेत. आणि एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट: बंद ठेवल्याचा खरा भाव मिळतो तो शंभर-दोनशे मैलांच्या, शोरूममधून आल्यासारख्या गाड्यांना. तुमची सहा हजार मैल चाललेली आहे. ती त्या रांगेतून केव्हाच बाहेर पडली. ती आणखी दहा वर्षं झाकून ठेवलीत तर आनंद गमवाल आणि बदल्यात मिळेल फारच थोडं. वर्षाला दीड हजार मैल चालवलीत, तर दहा वर्षांनी ती एकवीस हजार मैलांची, नीट सांभाळलेली, कागदपत्रं पूर्ण असलेली गाडी असेल, आणि तशा गाडीला गिऱ्हाईक नेहमी मिळतं, कारण चालवणाऱ्या माणसाला तीच हवी असते.

ऐंशी हजार वर मागणाऱ्या डीलरला नम्रपणे नाही म्हणा. वरचे पैसे हा निव्वळ आजच्या घाईचा भाव असतो. कंपनीने आणखी गाड्या सोडल्या की सगळ्यात आधी तेच वितळतात, ९११ आरच्या बाबतीत बघितलंच. शिवाय कंपन्यांनाही हा खेळ आवडत नाही. फोर्डने २०१७च्या जीटीसाठी दोन वर्षं विकायची नाही असा करार घातला होता. कुस्तीपटू आणि अभिनेता जॉन सीनाने लगेच विकली तेव्हा फोर्डने त्याच्यावर खटला भरला, तो पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला. ९११ एस/टीच्या वेळी पोर्शेने अमेरिकेत पहिलं वर्ष गाडी फक्त लीजवर दिली, म्हणजे लगेच विकताच येऊ नये. नव्या मर्यादित गाडीच्या कागदांवर सही करण्याआधी अशी अट आहे का ते शोधा.

आता समजा तुम्ही टूरिंग चालवण्यासाठीच घ्यायचं ठरवलंत. मी तेच सुचवते आहे, फक्त किंमत खाली आणून आणि गाडी तपासून. पोर्शेच्या संगणकात इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरलं याची नोंद एक ते सहा अशा टप्प्यांत राहते, टप्पा जितका वरचा तितका इंजिनाला धोका जास्त. मॅन्युअल गाडीत हे फार महत्त्वाचं, कारण वरच्या गिअरमधून चुकून दोन पायऱ्या खालचा गिअर पडला तर इंजिन क्षणात झेपेल त्यापलीकडे फिरतं आणि संगणक ते थांबवू शकत नाही. पीडीकेत अशी चूक होऊच दिली जात नाही. चौथ्याच्या वरच्या टप्प्यांत नोंदी असतील, तर त्या इंजिनाच्या कितव्या तासाला झाल्या ते बघा. गेल्या काही तासांतल्या असतील तर तिथून परत फिरा. हा अहवाल डीलरने स्वतः द्यायला हवा. टाळाटाळ केली तर तेच उत्तर समजा.

तपासणी विकणाऱ्या डीलरकडे करू नका. दुसऱ्या, जीटी गाड्यांचं काम करणाऱ्या मेकॅनिककडे न्या. रंगाच्या जाडीचं यंत्र सगळ्या पत्र्यांवर फिरवा, पुन्हा रंगवलेला भाग लगेच कळतो. ब्रेक सिरॅमिक आहेत का आणि त्यांची झीज किती, हे विचारा. चारही डिस्क बदलायची वेळ आली तर खर्च पंचआकडी डॉलरमध्ये जातो. टायरवरची उत्पादनाची तारीख वाचा. मालकीच्या कागदावर अपघाताचा शिक्का नसल्याची खात्री करा. किमतीचा मूळ स्टिकर, दोन्ही किल्ल्या, सर्व्हिसच्या पावत्या, सोबत आलेलं कव्हर आणि पुस्तिका, सगळं मागून घ्या. उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा समोरचा हेच मागेल. आणि कोणी स्वस्तातली २०१४-१५ची जीटी३ पुढे केली, तर तिचा इतिहास माहीत असू द्या: सुरुवातीच्या गाड्यांत कनेक्टिंग रॉडच्या बोल्टमुळे आग लागण्याचे प्रकार झाले, २०१४मध्ये पोर्शेने ७८५ गाड्यांची इंजिनं बदलली, आणि पुढे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या भागांच्या झिजेमुळे इंजिनाची वॉरंटी दहा वर्षांपर्यंत वाढवली. तुम्ही बघताय त्या २०१८च्या गाडीत व्हॉल्व्हची ती रचनाच बदललेली आहे, त्यामुळे हा प्रश्न तिला लागू नाही.

तुमच्या बाबांचाही मान राखून एक सांगते. ते शेतजमिनीबद्दल बोलत असतील, तर परकीय चलनाच्या फेमा कायद्याखाली अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने मिळते, खरेदीने नाही. बिगरशेती प्लॉट घेता येतो, पण तिथेही सातबारा, एनएचा आदेश आणि रस्त्याचा हक्क तुम्ही न्यू जर्सीत बसून तपासणार कसे, हा प्रश्न राहतोच. त्यांची काळजी खरी आहे, पैसा एकाच जागी अडकू नये ही. तिचा मार्ग मात्र मिरजेतूनच जातो असं नाही.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. दोन लाख वीस हजारांतले सगळे घातले नसते. निम्मे कर्ज आणि कॉलेजसाठी ठेवून उरलेल्यात याच घराण्यातली साधी मॅन्युअल गाडी शोधली असती, ९११ करेरा टी किंवा केमन जीटी४. चार लिटरच्या केमन जीटी४चं इंजिनही टर्बोशिवायचं आहे, मॅन्युअल मिळते, आणि ती ज्या ७१८ घराण्यातली आहे त्याचं उत्पादन २०२५मध्ये थांबलेलं आहे. पण टूरिंगचं वेड शाळेपासूनचं असेल आणि पत्नीसोबत बसून, वर मांडलेला हिशेब समोर ठेवून, 'दहा वर्षांनी एक पैसाही वाढला नाही तरी चालेल' असं दोघांनाही म्हणता येत असेल, तर मी तुम्हाला अडवणार नाही. मग मात्र कव्हर घेऊ नका.

शुक्रवारच्या मुदतीचं फार मनावर घेऊ नका. २०१८च्या टूरिंग अमेरिकेत नियमित विकायला येतात. डीलरला उद्याच फोन करा, इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरलं याचा तो ओव्हर-रेव्ह अहवाल ईमेलने मागा, बाहेरच्या तपासणीसाठी गाडी एक दिवस द्याल का विचारा, आणि हे दोन्ही झाल्याशिवाय एक डॉलरही आगाऊ भरू नका. अहवाल आला की मला पाठवा. आकडे बघून किंमत किती खाली मागायची, ते कळवते.